जंगलातली मोटर

शनिवारी सकाळी घर अगदी गप्प होतं आणि स्वयंपाकघरात ठण्णकन झाकण वाजलं.

मी डोळे न उघडताच हसले. मग आठवलं आणि डोळे उघडले. गोटी तांदळाचा डबा उघडत होती. स्टीलचा जुना डबा, जाड झाकणाचा. तो गुपचूप उघडायची सोयच नाही. पण हे गोटीला कुठून कळणार? माझी लेक पाच वर्षांची आहे आणि जन्मापासून तिला ऐकू येत नाही. काही लपवायचं असलं की ती सगळी खबरदारी घेते. आमच्या खोलीचा पडदा हलतोय का बघते, दिवा लावत नाही, पावलं तर अशी टाकते की मांजरीने शिकवणी लावावी. आणि शेवटी झाकण असं आपटते की शेजारचे जागे होतात. वस्तूंना आवाज असतो, हे तिच्या गणतीतच नाही.

काय लपवत होती तेही मला माहीत होतं. कानाचं मशीन.

काही महिन्यांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं. कवटीच्या आत एक बारीकसा भाग बसवलाय आणि बाहेरून कानामागे मशीन लावायचं. त्याच्या वायरच्या टोकाला नाण्याएवढी चकती असते, ती केसांवर लोहचुंबकाने टपकन चिकटते. ते पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "आता हाक मारा." ती हाक मी मनातल्या मनात किती दिवस घोकली होती. अगदी मऊ आवाजात म्हटलं, "गोटी." तिने मी चिमटा काढल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

तेव्हापासून बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे ती थोडा वेळ मशीन सहन करते. घरी मी तोंड उघडलं की हात कानाकडे जातो आणि चकती खाली. माझाच आवाज, दुसऱ्या कोणाचा नाही. नवरा म्हणतो, तुला वाटतं तसं. वाटू दे.

बाई परवा म्हणाल्या, "या वयात मेंदू जे शिकेल ते शिकेल. ती जागी असेल तेवढा वेळ मशीन कानावर हवं. सोमवारी पुन्हा बघते. नाहीच जमलं तर आपण थांबू या का? बाहेर मुलं रांगेत आहेत, जागा त्यांना देता येईल." त्या रागावून बोलल्या असत्या तर मी भांडले असते. त्या प्रेमाने बोलल्या.

मी उठले. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाय आपटला. आमच्या घरात हाका पायाने मारतात. फरशीतून धमक गेली की गोटी वळते. (म्हणूनच आम्ही तळमजल्यावर राहतो, आधीच्या घरी खालचे आजोबा छताला काठी लावून उत्तर द्यायचे.) गोटी वळली. बोटांना तांदळाची पांढरी पूड. तिने हातांनी विचारलं, "तुला कसं कळलं?"

तिला दर वेळी हाच प्रश्न पडतो. आई म्हणजे चेटकीण आहे अशी तिची जवळजवळ खात्री झाली आहे.

एवढ्यात दारावरचा लाल दिवा उघडझाप करू लागला. आमच्या घंटेचा दिवा. दार उघडलं तर नणंद, पाठीवर पिशवी, डोक्यावर एवढी मोठी टोपी.

"उठलात का? बॅगा भरा. जंगलात जायचंय."

"ताई, कुठल्या जंगलात?"

"जंगल म्हणजे जंगल गं. झाडं असतात ते. आमच्या ऑफिसच्या बायकांनी खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. एकीला ताप आला, एकीची सासू आली, आणि तिसरी म्हणते साप दिसले तर? मी म्हटलं, ऑफिसात रोज दिसतात ते चालतात वाटतं तुला?" एवढं बोलून त्या आत घुसल्या आणि भावाच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. "ऊठ रे ठोंब्या. जनावरं बघायला जायचंय. आरशात तर रोजच बघतोस."

"ताई, सोमवारी बाईंकडे—" मी म्हणाले.

"सोमवार सोमवारी येईल. आज शनिवार आहे."

गोटीने दोन बोटांची चोच करून उघडझाप केली. आत्याला तिने स्वतः दिलेलं नाव आहे ते. दिवसभर चालू असते ती चोच.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. दुसऱ्यांच्या वर-खाली जाण्यात त्याचा आठवडा जातो आणि माझा कवळ्या घासण्यात. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. आम्ही दोघंही उठून कुठे जाणाऱ्यातले नाही. पण त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि का कोण जाणे, दोघंही पिशवी शोधायला लागलो. मी तांदळात हात घालून मशीन काढलं, ब्रशने साफ केलं. वायरच्या खोबणीत एक दाणा अडकला होता, तो काही निघेना. तसंच डबीत घालून कमरेच्या पाऊचमध्ये ठेवलं.

ताईंच्या गाडीने दुपारपर्यंत जंगलाच्या कडेला पोचलो. राहायची जागा लाकडी होती, जाड खांबांवर उचललेली, खाली मोकळी हवा. गोटीने चप्पल काढली, एक पाऊल टाकलं आणि तिथेच थांबली. मग पोटावर आडवी झाली. गाल फळीला लावला.

"बरं वाटत नाही का गं तिला?" ताई घाबरल्या.

"थांबा," नवरा म्हणाला. तो हसत होता. "फळ्या ऐकतेय."

आमची फरशी मुकी, तिच्यावर पाय आपटावा लागतो. इथे नुसतं चाललं तरी जमीन बोलत होती. गोटीने डोळे मिटून घेतले आणि एकेक ओळखायला लागली. बाबा. आत्या. आई. परत आत्या. बाहेर व्हरांड्यात पाणी घेऊन एक माणूस आला, तर तिने हातांनी सांगितलं, "नवीन, लंगडतो." खरंच तो एका पायाने जरा ओढत चालत होता. ताईंनी बोटांवर चालून तिला फसवायचा प्रयत्न केला, तर पोरगी खदाखदा हसली आणि चोच करून दाखवली.

"माझं वजन कळलं वाटतं कार्टीला," ताई म्हणाल्या.

ही विद्या तिला बापाने दिली आहे. लिफ्टच्या मोटरचा बेअरिंग बिघडला की तो कानाने नाही ऐकत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवतो आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावतो. त्यांच्या धंद्यात सगळेच करतात म्हणे. गोटी चालायला लागली तेव्हा एकदा तो तिला मशीनरूममध्ये घेऊन गेला आणि मूठ तिच्या दातांत दिली. घरी येऊन ती नुसती नाचत होती. मी ओरडले, ती घाणेरडी वस्तू तोंडात? पण तिचा चेहरा पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून मी ती मूठ साबणाने धुऊन द्यायला लागले. तो स्क्रू ड्रायव्हर त्याच्या खिशात कायम असतो. एक वेळ मला विसरेल.

उन्हं कलायला आली तशी जंगलात नेणारी गाडी आली. उघडी, लोखंडी दांड्यांची. चालवणाराच वाट दाखवणारा होता, हसरा, बोलका माणूस. "तळ्यावर हरणं नक्की," तो म्हणाला. "बाकी कोणाच्या भेटीची हमी नाही. हत्ती सध्या पलीकडच्या अंगाला आहेत, त्यांची आशा धरू नका."

बसल्याबरोबर मी डबी काढली.

"आत्ता?" नवरा हळूच म्हणाला.

"आत्ता नाही तर कधी? आज अजून एकदाही लावलं नाही. सोमवारी काय सांगू बाईंना?"

"असू दे ना एक दिवस."

"तुला सोपं आहे असू दे म्हणायला. तुझ्या आवाजाला नाही ती रडत."

बोलून गेले आणि जीभ चावली. मी गोटीच्या केसांत चकती टपकन चिकटवली. तेवढ्यात गाडी सुरू झाली, घरघर, खडखड, डिझेलचा धूर, दांड्यांचा खणखणाट. गोटीने दोन्ही हात डोक्यावर घेतले. चकती काढून माझ्या मांडीवर फेकली, तोंड फिरवलं. मी मशीन परत डबीत ठेवलं आणि बराच वेळ नुसती झाडं बघत राहिले. डोळे भरले होते म्हणून झाडं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती.

पण जंगल काही तुमच्या मनःस्थितीची वाट बघत नाही. आत जाऊ तसतशी झाडं उंच होत गेली, इतकी की मान मागे टाकून टोपी पडली तरी शेंडा दिसेना. कुठेतरी वरून उजेड सांडत होता आणि खाली येईपर्यंत हिरवा होऊन जात होता. एका वळणावर हरणांचा कळप उभा होता. सगळ्यांनी एकाच वेळी माना वर केल्या, आणि मला वाटलं आपणच उघडे पडलो, आपल्यालाच कोणीतरी बघायला आलंय. ताईसुद्धा गप्प झाल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण घरी कोणी विश्वास ठेवणार नाही.

बांबूच्या दाट रानापाशी चालवणाऱ्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. "दोन मिनिटं शांत बसू या. काही चाहूल लागली तर."

शांतता पडली. पान हललेलंही कळावं अशी. आम्ही चौघं मोठी माणसं कान टवकारून बसलो आणि आम्हाला काहीही ऐकू आलं नाही.

गोटी चप्पल काढून बसली होती. तळपाय गाडीच्या पत्र्यावर, एक हात लोखंडी दांडीवर. तिने बापाची बाही ओढली.

"मोटर चालू आहे," ती हातांनी म्हणाली.

"नाही, बंद केली. बघ, काकांनी किल्ली काढली."

तिने जोरात मान हलवली. "ही नाही. मोठी मोटर. लिफ्टसारखी. चालू, बंद. चालू, बंद."

"काय म्हणतेय?" चालवणाऱ्याने कुजबुजत विचारलं.

"काही नाही, गाडी गरम झाली असेल, त्याची धडधड असेल," मी म्हणाले. तेवढ्यात नवऱ्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक दांडीवर टेकवलं आणि मूठ दातांत धरली.

"काय रे हे?" ताई. "एवढी भूक लागली?"

त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. त्याचा चेहरा मी ओळखते. लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावर होतो तसा झाला होता, सगळं लक्ष हाडांत. मूठ तोंडातून न काढताच त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या.

आणि मग मलाही जाणवलं. ऐकू नाही आलं. छातीच्या पिंजऱ्यात, अगदी आतल्या बाजूने, कोणीतरी हलकेच बोट वाजवत होतं. क्षणभर वाटलं माझंच काळीज आहे. पण माझं काळीज माझ्याच लयीत चालतं, हे दुसऱ्या कोणाचं तरी होतं. ते थांबलं. मग बांबूच्या पलीकडून, दुसऱ्या बाजूने, तसंच उत्तर आलं.

चालवणाऱ्याचा रंग बदलला. "हलू नका," तो ओठांनीच म्हणाला.

बांबू बाजूला झाले. कोणी सरकवले असं दिसलंच नाही, नुसते दार उघडावं तसे बाजूला झाले आणि मोकळ्या जागेत एक हत्तीण उभी होती. एवढा प्रचंड जीव येताना पाचोळासुद्धा वाजला नव्हता. ती आम्हाला बघत होती. डोळा केवढासा, आणि त्यावर या लांब पापण्या, गवताच्या काड्यांसारख्या. तिच्या मागून आणखी एक, आणखी एक. अंगावर वाळलेला तांबडा चिखल, त्यावर संध्याकाळचं ऊन. मला वाटलं डोंगरच उठून पाणी प्यायला निघालाय.

पुढे एक सुळेवाला आला. मी दातांची माणूस, माझी नजर सुळ्यांवरच गेली. उजवा सुळा डाव्यापेक्षा आखूड होता, टोकाला घासून गुळगुळीत झालेला. आपण एकाच बाजूने चावतो तसा हाही एकाच बाजूने काम करत असणार. वर्षानुवर्षं, झाडांच्या साली काढत, माती उकरत. लॅबमध्ये मी झिजलेले दात हातात धरते तेव्हा त्या माणसाचं सगळं आयुष्य बोटांना लागतं. इथे मी एका हत्तीचं आयुष्य बघत होते, आणि माझे हात जोडले गेले होते हे मला नंतर कळलं.

पोटाखालून एक पिल्लू डोकावलं. त्याला आपली सोंड कुठे ठेवायची ते अजून कळत नव्हतं. ती पायात येत होती. ते आमच्याकडे यायला निघालं. हत्तिणीने मान वळवली नाही, सोंड हलवली नाही. फक्त माझ्या छातीत ते बोट पुन्हा वाजलं, आणि पिल्लू जागच्या जागी थांबलं. वळलं. आईच्या पायांत शिरलं.

तिने हाक मारली होती. माझ्यादेखत, माझ्या अंगातून आरपार, आणि माझ्या कानांना त्यातलं एक अक्षर लागलं नव्हतं.

माझ्या पाऊचवर हात पडला. गोटीचा. ती चेन उघडत होती. मी डबी काढून दिली, श्वाससुद्धा न घेता. तिने स्वतः मशीन कानामागे अडकवलं, चकती केसांत चाचपडत बसवली. तिने स्वतः. मी तिचा हात धरायला गेले नाही, नवऱ्याने माझा धरला होता.

हत्ती रस्ता ओलांडत होते. बांबूची एक काडी मोडली, कट्. गोटी दचकली, पण चकती काढली नाही. हत्तिणीने सोंडेतून फुंकर सोडली. पाल्याचा एक मोठा घास ओढला, सरसर. गोटी प्रत्येक आवाजाला त्याचा धनी शोधत होती. डोळे लगबगीने इकडून तिकडे जात होते. मग तिने चकती काढली आणि तळहात दांडीवर टेकवला. परत लावली. परत काढली. कपाळावर बारीक आठी. बापाला एखादा बेअरिंग तपासताना पडते ना, तश्शी.

शेवटची हत्तीण पलीकडच्या झाडीत शिरली आणि झाडी मिटली. जसं काही कोणी आलंच नव्हतं. रस्त्यावर फक्त गोल पावलं उमटली होती, ताटाएवढी.

चालवणाऱ्याने घाम पुसला. "ते दुरूनही एकमेकांशी बोलतात असं म्हणतात. आपल्याला नाही ऐकू येत. माझा जन्म गेला इथे, पण एवढ्या जवळून मलाही..." त्याने गोटीकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

"रडत नाहीये मी," ताई म्हणाल्या, "डोळ्यात काहीतरी गेलंय." सगळे हसलो, हळू आवाजात, देवळात हसावं तसं.

गोटी माझ्याकडे वळली. चकती केसांत होती. "याच्यात मोटर नाही," ती हातांनी म्हणाली. "याच्यात काड्या आहेत. आणि फू. मोटर पायात आहे."

"हो," मी हातांनीच म्हटलं.

तिने माझ्या गळ्यावर तळहात ठेवला, दांडीवर ठेवला होता तसाच सपाट. दुसऱ्या हाताने म्हणाली, "बोल."

मी मशीनची डबी गच्च धरून बसले. नवरा म्हणाला, "अगं, बोल ना."

"गोटी," मी म्हणाले. "गोटुली."

तिच्या पापण्या फडफडल्या. हात कानाकडे निघाला, अर्ध्यात थांबला. माझ्या गळ्याकडे बघत, तिथेच काहीतरी चालू-बंद होतंय तसं, तिने तो हात पुन्हा मांडीवर ठेवला. चकती तशीच राहिली. गाडी सुरू झाली तेव्हा तिने तोंड वेडंवाकडं केलं, दोन्ही कान झाकले, पण चकतीला हात लावला नाही.

अंधारायच्या आत आम्ही परत निघालो. ती माझ्या कुशीत बसली होती, पाय पत्र्यावर टेकलेले. थोड्या वेळाने तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"तू मोटर ऐकलीस?"

"नाही. मला नाही ऐकू आली."

"आत्याने?"

"नाही."

"काकांनी?"

"त्यांनीपण नाही."

ती विचारात पडली. बोटाने कानामागचं मशीन चाचपलं, वायरच्या खोबणीतला तो तांदळाचा दाणा नखाने टोकरला. मग तिने अगदी काळजीने माझ्या कानामागचे केस बाजूला केले, एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे. नीट बघितलं.

"मग तुझं मशीन कुठे आहे?"